दाण्याचा डबा

॥ श्री वीतरागाय नमः ॥

पेठ वडगाव
ता. ८ सप्टेंबर २०२५, सोमवार

चि. सम्मेद यास आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. परवा गणपती गेले, माझे कान अजून वाजतात. पाऊस उघडलाय, भुईमूग बरा दिसतोय. तुझा बाप शिरोलीच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसा घोरतो. तुझ्या आईचे दहा दिवसांचे उपास पार पडले. मी चौथी शिकलेली बाई, अक्षराला हसू नको. तू इंजिनिअर होऊन नवी मुंबईच्या खाडीवर पाखरं मोजायला लागलास तेव्हा मी हसले नव्हते. हसले होते, पण पदर तोंडावर घेऊन.

तुझा फोटो आपल्या दुकानातल्या महावीरनं मोबाईलवर दाखवला. तळं बुजवायला आलेल्या डंपरपुढं तू आडवा पडलायस. घरात जेवायच्या वेळी पाट सरकव म्हटलं तर उठत नव्हतास, तिथं पडायला बरं जमलं. ते लांब पायाचे गुलाबी पक्षीही बघितले. पाय बघून मला आपली शेजारची उंच बाळाबाई आठवली.

अण्णांनी, तुझ्या आजोबांनी, पण फोटो बघितला. चष्मा मागून घेतला, मोबाईल नाकाजवळ धरला आणि म्हणाले, "काळं पडलंय पोरगं. टोपी घालत न्हाय व्हय?"

मग विचारलं, "तिथं दाणं कोण घालतंय?"

म्हटलं, "कोण न्हाय. तळं तेवढं राखायचं, त्यांचं ती खातात, असं म्हणतोय तो."

"मग पुण्य कुणाला?"

"तळ्याला," म्हटलं. यावर हसतील वाटलं होतं. हसले नाहीत.

आता तू म्हणशील, आजी फोन सोडून पत्र का लिहितेय. तर त्याचं असं, की अण्णांनी घरातल्या सगळ्यांना शपथ घातलीय, सम्मेदला फोनवर काही सांगायचं नाही. फोनवर म्हणालेत. पत्राचं काही म्हणाले नाहीत. तुझी आई म्हणाली, पत्राचा फोटो काढून पाठवते. म्हटलं नको बाई, तो फोनच झाला. कुरिअरनंच जाऊ दे.

तुला ती दिवाळी आठवत असेल. दुकानातलं धान्य झाडून निवडून अण्णा रोज सकाळी गच्चीवर न्यायचे, पारवे आभाळ झाकून उतरायचे. त्यांच्या बापानं चालवलेलं ते व्रत. तू म्हणालास, अण्णा, दाणे घालू नका, पारवे माजले की बाकीच्या पाखरांना जागा राहत नाही, आणि त्यांच्या घाणीची धूळ छातीला वाईट. अण्णा म्हणाले, चार बुकं वाचून मला जीवदया शिकवतोस? तू दाण्याचा डबा उचलून खाली आणलास. त्यांनी तुझी बॅग उचलून खाली आणली. दोघंही एकाच पिठाचे. मध्ये मी जिन्यात उभी, कुणाला धरू.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना खोकला धरला. आम्ही म्हटलं दुकानाची धूळ. काढे झाले, वाफ झाली. जिना चढताना बसायला लागले, तरी डबा काही दुसऱ्याच्या हाती देईनात. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं छातीचे फोटो काढले आणि मला विचारलं, "आजी, घरात पाखरं आहेत का?" मला वाटलं, भला माणूस, चौकशी करतोय. मी आपली कौतुकानं सांगत सुटले, आमच्या गच्चीवर किती येतात, यांच्या हातावर कशी बसतात, हे स्वतः ती गच्ची कशी झाडतात. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

फुप्फुसं वाळलेल्या घोसाळ्यासारखी झालीत. धूळ बंद केली तरी झालेलं परत येत नाही. नाकाला नळी लावून असतात आता. तुझ्या बापानं विचारलं, दिवाळीपर्यंत? डॉक्टरनं खिडकीकडं बघितलं.

घे. लिहायचं होतं ते लिहून झालं.

महावीरनं तोंडाला फडकं बांधून गच्ची धुतली, जाळी मारली. दाणे बंद केले. अण्णांना आम्ही सांगितलं नाही. रोज सकाळी विचारतात, "घातलं का दाणं?" मी म्हणते, "घातलं." दशलक्षण पर्वात उत्तम सत्याचा दिवस असतो, त्या दिवशी पण म्हटलं. पारवे येऊन कठड्यावर बसतात, घुमतात, वाट बघून जातात. माझ्याकडं असं बघतात, जणू मी त्यांचं खाल्लंय. बघू देत.

परवा असंच "घातलं" म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "पंखांचा आवाज येत न्हाय मला. कान गेलं न्हाईत माझं." एवढंच. रिकामा डबा तेवढा खाटेखाली ठेवायला लावला.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. डॉक्टर काय म्हणाला तेही ठाऊक आहे. म्हणून तर शपथ. मरायचं भय नाही रे त्या माणसाला, तू बरोबर होतास याचं आहे.

आज क्षमावाणी. दर वर्षी ते स्वतः गावभर क्षमा मागत फिरायचे, हमालापासून सगळ्यांसमोर हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणायचे. हातगाडीवाल्या जोतीरामलाही सोडत नव्हते, तो बिचारा लाजून गाडीमागं लपायचा. यंदा लोक घरी आले. प्रत्येकासाठी नळी बाजूला करून, हात जोडून बोलले. जोतीराम आला तो नुसता पायाशी बसून रडला, त्याला म्हणाले, "रडतोस काय, आज मी न्हाय आलो तर तू आलास. फिटलं."

दिवस मावळायच्या आधी दोन घास भरवले. मग विचारलं, "आली समदी?"

म्हटलं, "आली."

उंबऱ्याकडं बघत राहिले. मी दार लावायला उठले. डॉक्टरनंच सांगितलंय, रस्त्याची धूळ येते, दार लावून घ्या. तर म्हणाले, "लावू नको एवढ्यात."

तेव्हापासून दार उघडं आहे आणि मी उंबऱ्याशी बसून हे लिहितेय. धूळ येतेय. अण्णा खोकतात, पण लाव म्हणत नाहीत.

तुझ्या पक्ष्यांना चार दिवस दुसरा कुणी बघेल. ये. तुझं बरोबर असणं तेवढं खाडीकाठीच ठेव, इथं आणू नको. त्यांच्यासमोर डब्याचं नाव काढू नको. बोलले तर ऐक, नाही बोलले तर पाय चेप. आणि टोपी घालून ये, म्हणजे त्यांना बोलायला काही उरेल.

त्यांची क्षमा त्यांची ते मागतील, मी कशाला मध्ये उरकू. माझी तेवढी घे.

दार लावलेलं नाही.

तुझी आजी