माझा खांदा, उत्तर दादाचं

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. व्हीलचेअर शर्यतीत खांद्यावर किती ताण येतो, यावर संशोधन करणारे सर आज इंदूरहून मैदानावर आले. माझ्या खांद्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवल्या, हालचाल टिपायला कॅमेरा लावला आणि विचारलं शेजारी उभ्या दादाला, "इनका कंधा दुखता है क्या?" मी समोर बसलेली, मी काय दगड आहे?

दादा लगेच म्हणाला, "बिलकुल नहीं, सर."

मी टिकल्या उपटून सरांच्या हातात कोंबल्या. "रोज दुखता है. मुझसे पूछना था."

घरी परतताना आम्ही शनवारा चौकात पोचलो. तिथे दादा म्हणाला, "दुखतं म्हटलं असतं तर टीममधून नाव कटलं असतं तुझं."

"आणि हातच गेला तर?"

उद्या मैदानावर मी एकटीच जाणार.