घाटाखालचा धूर

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

पांढरा.

मालाने तीनदा विचारलं, तीनदा मी तेच सांगितलं. कसा पांढरा, असं विचारल्यावर मी म्हणालो, दूध उतू जायच्या आधी वर जी वाफ येते— तिने मध्येच थांबवलं. "बाबा, उपमा नको. रंग सांगा."

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. उपमेवरून मला कोणी अडवलं नव्हतं. पण तिचं खरं आहे. तिने दिलेल्या कागदावर एवढंच लिहून दिलं: घाट उतरल्यावर, दहा सेकंद, पांढरा.

पेठच्या रस्त्याला गेलो होतो. पुढे माला, ललित नावाच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत. मागे मी, स्कूटरवर. पन्नास किलोमीटर जाऊन, पन्नास येऊन, चौसष्टाव्या वर्षी. निघताना माझी बायको प्रतिभा म्हणाली, धूर बघायला एवढ्या लांब कशाला, मी चूल पेटवते की!

गाडीचं लिहून ठेवतो. ललितने ती जपानहून येताना आणली. आता आठ वर्षांची आहे. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेची मोटरही. सिग्नलला इंजिन आपोआप थांबतं, लागेल तेव्हा आपोआप सुरू होतं. नाशकात अशी दुसरी मी पाहिलेली नाही. शहरात धूर नाही. घाट उतरताना इंजिन काम करत नाही. खाली आल्यावर जागं होतं आणि तेव्हाच धूर. दहा सेकंद. मग काही नाही.

चार गॅरेजवाल्यांनी हात जोडले. एकाने, बॅटरी उडेल म्हणून, गाडी आतच घेतली नाही. पाचवं गॅरेज नाशकातच, द्वारका चौकाजवळ, खंडेरावांचं. तिथे दीपमाला— आमची माला— सहा वर्षं काम करते. तिने बॉनेट उघडलं.

चालवणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही. आरशात दिसला तरी रंग कळत नाही. म्हणून मागे मी.

वही नवी, रिफिल नवी. काळी. निळ्या शाईत मुलं लिहितात, लाल शाईत मास्तर. निवृत्त माणसाने काळ्यात लिहावं.

७ नोव्हेंबर

जेवताना मालाने समजावून सांगितलं. इंजिनात दोन गोष्टी जळता कामा नयेत. एक थंड ठेवायचं पाणी, दुसरं तेल. पाणी आत शिरलं तर धूर पांढरा. म्हणजे हेडखालचं— इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं— गॅस्केट गेलं. तेल शिरलं तर निळा. म्हणजे व्हॉल्व्हवरच्या रबरी टोप्या गेल्या. धूर दोन्हींचा घाटाखालीच दिसेल. पाणी बोटभर कमी झालंय, तेलही बोटभर. तेव्हा निवाडा रंगावर.

वासानेही कळतं म्हणाली. मी म्हणालो, नाकाचं विचारू नकोस, तीस वर्षं तपकीर ओढली. प्रतिभा म्हणाली, एवढंच एक खरं बोललात.

माला एकेक शब्द तोलून बोलते. हे कोणाकडून आलं, मला माहीत आहे. कोणाला सांगत नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पेठ. एकदा पाहून हेड खोलायचं नाही, असं मालाचं म्हणणं.

पुन्हा पांढरा.

घाटाखाली चहाच्या टपरीवर सावळीराम भेटला. मखमलाबादचा, माझा जुना विद्यार्थी. भाजीचा टेम्पो घेऊन पेठला निघाला होता आणि घाटभर आमच्या मागेच होता. उतरल्या उतरल्या म्हणाला, "सर, गाडी त्याल खाती. निळा धूर हाय. लय निळा."

याला मी दहावीला निबंधात तीसपैकी नऊ दिले होते. गावच्या जत्रेवर लिहायला सांगितलं तर याने पाळण्यात किती माणसं बसली होती ते मोजून लिहिलं. म्हणालो, सावळीराम, नीट बघायची सवय तुला तेव्हाही नव्हती. तो हसला. सर म्हणता तसं, म्हणाला, आणि चहाचे पैसे देऊन गेला.

माला दोघांकडे बघत होती. मग कागदावर लिहिलं. वाकून पाहिलं— पांढरा.

येताना स्कूटर हलकी वाटत होती.

१३ नोव्हेंबर

खंडेराव साठीचे झाले. मुलं पुण्याला नोकरीत, त्यांना ग्रीस नको. ते मालाला म्हणाले, ही गाडी तुझ्या हातून झाली तर बोर्डावर तुझं नाव घालतो. माझ्या नावाखाली नाही, शेजारी. आणि नाही झाली तर? तर तिथले दोन मिस्त्री आहेतच, सहा वर्षं वाट बघत.

मालाने हे भाजी निवडता निवडता सांगितलं. गॅरेजचा बोर्ड रस्त्यापलीकडूनही वाचता येतो. आज मुद्दाम पलीकडून जाऊन वाचून आलो.

१५ नोव्हेंबर

स्वयंपाकघरातला दिवा मंद झालाय. बदलायला हवा. प्रतिभा म्हणते, मागच्या महिन्यातच बदलला.

१८ नोव्हेंबर

नातलगांत लग्न. एकाने विचारलं, मुलगी काय करते. म्हणालो, मोटार दुरुस्त करते. तो म्हणाला, म्हणजे शोरूममध्ये? म्हणालो, नाही, मोटारीखाली.

प्रतिभाने येताना सांगितलं, तुमचा एक पायमोजा काळा होता, एक निळा. मी म्हणालो, लग्नात माझ्या पायाकडे बघणारी तू एकटीच.

२७ नोव्हेंबर, सोमवार

जपानहून खोकं आलं. ललितच्या तिथल्या मित्राने धाडलं. गॅस्केट आणि त्यासोबतची सगळी बारकी सामग्री. पुस्तिका जपानी भाषेत. माला चित्रं बघते, जिथे अडतं तिथे ललितला फोन करते. तो वाचतो, ती कागदावर मराठीत उतरवते. कागद मी पाहिला. एक शब्द जास्त नाही.

२८ नोव्हेंबर

आज गॅरेजमध्ये जाऊन बसलो. पाहायचंच होतं.

डिकीत नारिंगी रंगाची एक जाड खीळ असते. ती ओढली की मोठ्या बॅटरीची वीज तुटते. मालाने जाड रबरी हातमोजे घातले, खीळ ओढली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. का, म्हणून विचारलं. "कोणी चुकून परत लावायला नको." मग घड्याळ लावून दहा मिनिटं नुसती उभी राहिली. दोन्ही मिस्त्री आपापलं काम सोडून लांब उभे. मग तिने पाना उचलला.

मी स्टुलावर बसून होतो. शाळेत इतकी शांतता मला कधी मिळाली नाही.

३० नोव्हेंबर

माला उशिरा आली. हात धुतले. पुन्हा धुतले.

"गॅस्केट चांगलं निघालं."

मग काय बिघडलं होतं, विचारलं. टोप्या, म्हणाली. सोळाच्या सोळा कडक झाल्यात. नव्या खोक्यात होत्याच, हेड खोललेलंच आहे, बसवते.

मी म्हणालो, म्हणजे धूर निळा असायला हवा.

ती ताटाकडे बघून म्हणाली, "असेल. दोन्ही थोडं थोडं."

थोडं थोडं— हा तिचा शब्द नाही.

२ डिसेंबर

ललितचा फोन. चांगला मुलगा, आवाज चढवत नाही. माला मॅडमनी स्वतःच सांगितलं म्हणाला— निदान चुकलं, चूक माझी, गॅस्केट मागवायची गरज नव्हती. तो म्हणाला, गाडी नीट होतेय ना, मग झालं. पण त्याच्या कंपनीतले लोक तिथेच गाड्या टाकतात, आणि हे तिने चारचौघांत सांगितलं. ते दोन मिस्त्रीही तिथे होते.

फोन ठेवला आणि राग आला. कोणाचा, ते कळेना. पांढरा होता. मी पाहिला होता. दोनदा.

५ डिसेंबर, मंगळवार

गाडी जोडून झाली. घाटावर गेलो.

मी मागे. आणि माझ्या मागे सावळीरामचा टेम्पो. मालाने त्याला मुद्दाम बोलावलं होतं, मला न सांगता. म्हणालो, दोन साक्षीदार कशाला? ती म्हणाली, असू दे बाबा.

घाट तीनदा उतरलो. धूर नाही. मी सांगितलं, नाही. सावळीरामनेही सांगितलं, नाय. माझं ऐकून तिने मान हलवली. त्याचं ऐकल्यावर हसली.

चार गॅरेजनी नाकारलेली गाडी तिने नीट केली! हे मोठ्याने म्हणावंसं वाटलं. टपरीवर तिघंच होतो. चहा प्यालो. सावळीरामने पैसे द्यायच्या आत मी दिले.

९ डिसेंबर

गॅरेजमध्ये एक जुना टेम्पो आलाय, तेल पिणारा. मालाने मला मागे उभं केलं आणि गाडी रेस केली. "रंग?"

म्हणालो, पांढरा. काही शंकाच नव्हती.

खंडेराव खोकले आणि आत गेले. मालाने इंजिन बंद केलं. माझ्याजवळ आली, माझा चष्मा काढला, तिच्या ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. पुन्हा विचारलं नाही.

घरी येताना म्हणाली, उद्या-परवा तुमचा नंबर काढून येऊ. खूप दिवस झाले.

१२ डिसेंबर

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलाय. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं वाढत असणार, हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. दिवे मंद वाटतात का? समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं का? मी सगळ्याला हो म्हणत गेलो. प्रतिभाने एकही टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.

मालाने डॉक्टरांना एकच विचारलं. "यांना निळा दिसतो का?"

ते म्हणाले, पिवळट काचेतून बघितल्यासारखं असतं. निळा सगळ्यांत आधी जातो.

रिक्षात तिघं. द्वारकेच्या चौकात बराच वेळ अडकलो. सगळ्या गाड्या धूर सोडत होत्या. मी मान खाली घालून बसलो.

१३ डिसेंबर

सकाळी एकटाच गॅरेजला गेलो. माला यायच्या आत. खंडेराव अगरबत्ती लावत होते. थांबलो. मग उभ्या उभ्याच सांगितलं: रंग मी चुकीचा सांगितला. चूक मुलीची नाही, माझी. तिने अंगावर घेतली, ते तुम्ही मोडून काढा. त्या दोघांनाही सांगा.

त्यांनी मला बसवलं. म्हणाले, प्लग काढले तेव्हा ते तेलकट होते. मी तिला म्हटलं होतं, पोरी, एकदा विचार कर. तिने प्लग पाहिले, कागद पाहिला. म्हणाली, बाबांनी बघितलंय.



मग ते म्हणाले, "आणि सर, धूर बघायला तुम्हाला पाठवलं, ही चूक तिचीच की. तिनं कबूल केली. मिटलं."

हसायला हवं होतं की नको, ठरवता आलं नाही. ते हसले, म्हणून मीही हसलो. जाताना म्हणाले, बोर्ड रंगवणारा मंगळवारी येतोय.

१४ डिसेंबर

मखमलाबादला गेलो. बसने. स्कूटरची किल्ली प्रतिभाने लपवलीय.

सावळीराम मळ्यात होता. त्याला सांगितलं, निळा होता. तो म्हणाला, जाऊ द्या ना सर. म्हणालो, जाऊ द्यायचं नाही. तुझे नऊ मार्क चुकले होते. पाळण्यात माणसं किती होती, ते तू बरोबर मोजलं असशील. त्याने आईला हाक मारून सांगितलं की सरांनी मार्क वाढवले. किती, ते ती विचारत होती.

पिशवीभर मेथी दिली. घेतली.

१९ डिसेंबर, मंगळवार

रस्त्यापलीकडून वाचलं.

खंडेराव आणि दीपमाला. शेजारी शेजारी. एकाच मापाची अक्षरं. रंगाऱ्याने 'दी'ची वेलांटी एवढी लांब ओढलीय की ती खंडेरावांवर सावली धरते. सांगणार होतो. नाही सांगितलं.

पेपरवाला थांबून बघत होता. त्याला म्हणालो, ती दुसरी, ती माझी मुलगी. तो म्हणाला, मागच्या वेळीही सांगितलं होतं काका.

मागच्या वेळी नाव नव्हतं.

२२ डिसेंबर

उजव्या डोळ्याचं झालं. पट्टी आहे. हे डाव्या डोळ्याने लिहितोय, ओळी तिरक्या जातायत. डॉक्टरांनी लिहायला मनाई केलीय.

२४ डिसेंबर

पट्टी काल निघाली. आज वही उघडली.

शाई निळी आहे.

उजवा डोळा झाकला की काळी. उघडला की निळी. मागे मागे जाऊन बघितलं. पहिल्या ओळीतला 'पांढरा'सुद्धा.