खालच्या आजींना सांगायचं राहिलंय

आई, आम्ही म्युनिकला राहायला जायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे तुझ्या जावयाने विचारलं, तुझ्या नातीने उड्या मारल्या आणि मी कणीक मळता मळता ‘बरं’ म्हटलं, इतकंच. तू जाऊन अकरा वर्षं झाली. तुला कळवायची तशी काही गरज नाही. पण या गावाबद्दल बोलायचं तर तुझ्याशीच बोलावं लागतं, कारण माझ्या माहेरच्यांपैकी हे गाव पाहिलेली तू एकटीच. दादा अजूनही विचारतो, ‘तुम्ही ते फ्रँकफुर्टजवळ कुठेतरी राहता ना?’ मी हो म्हणते. दक्षिणेतलं, नदीकाठचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येईल एवढं आमचं गाव नकाशावर दाखवत बसायचा मला आता कंटाळा आलाय.

कंटाळा म्हणण्यापेक्षा थकवा म्हणावं. नवऱ्याचा इथला विभाग बंद झाला, त्याला म्युनिकला नोकरी मिळाली. तेव्हापासून तो सोमवारी पहाटे जातो आणि गुरुवारी अंधार पडल्यावर येतो. मधे तिथे एका खोलीत राहतो. मोठ्या शहरातून निघालेली गाडी उशिरा पोचते, मग आमच्याकडे येणारी छोटी गाडी तोवर निघून गेलेली असते, आणि हा माणूस त्या आडस्टेशनवर तासभर बाकावर बसून राहतो. इतकी वर्षं तो कधी बोलला नाही. मागच्या गुरुवारी जेवता जेवता पेंगला, हातातला घास हातातच. मी हलवलं तर म्हणाला, “दमलोय गं. आता नाही झेपत.” एवढंच बोलला आणि उरलेला भात संपवला. इतके दिवस ‘पोरीची शाळा आहे, माझी प्रयोगशाळेतली नोकरी आहे, तिथे घरं मिळत नाहीत’ असं काय काय सांगून मीच सगळं अडवून धरलं होतं. पोरगी तर शाळा सोडायला एका पायावर तयार आहे.

तिचंही बरोबर आहे म्हणा. सोळा वर्षांच्या मुलीने या गावात करायचं काय? संध्याकाळी सातनंतर चौकात फक्त कारंजं जागं असतं. रविवारी सगळं असं बंद की रस्त्यावरून चालताना आपल्याच बुटांचा आवाज ऐकू यावा. कढीपत्ता आणायचा तर गाडी काढून तासभर जायचं, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मागितली की ते पुढचा ऋतू देतात. म्युनिकला गणपतीत ढोल-ताशा असतो, मराठी मंडळ असतं, नाटकं येतात. इथे आपली चार घरं, त्यातल्या दोघांचं आपसांत पटत नाही, म्हणजे आरतीला कुणाला आधी बोलवायचं याचाच विचार. आणि या सगळ्याच्या वर, इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. मी केस कापले तर दुसऱ्या दिवशी बेकरीवाली म्हणते, ‘त्या कोपऱ्यावरच्या दुकानात ना?’ तेव्हा मला कराड आठवतं आणि डोकं फिरतं.

तुला आठवतंय, दहावीत मी शाळा बुडवून मैत्रिणींबरोबर मॅटिनीला गेले होते? सिनेमा सुटून घरी पोचायच्या आत तुला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते कळलं होतं. तू तेव्हा बिलाच्या काउंटरवर होतीस. पण त्याआधी किती वर्षं तू ऑपरेटर होतीस, अख्खं गाव तुला आवाजाने ओळखायचं आणि तू गावाला. लहानपणी शाळा सुटली की मी तिथे येऊन तुझ्यामागे स्टुलावर बसायची. तू कानाला तो जाडजूड हेडफोन लावून वायरी इकडच्या तिकडे खोचते आहेस, आणि मधेच माईकवर हात ठेवून मला म्हणते आहेस, “डबा खाल्लास का?” कुणाचा मुलगा मुंबईहून फोन करत नाही, कुणाची मुलगी माहेरी येऊन राहिली आहे, तुला सगळं माहीत असणार. घरी कधी एक अक्षर बोलली नाहीस. मला मात्र त्या गावाचा इतका राग यायचा की इथून सुटले की जिथे मला कुत्रंही ओळखणार नाही अशा शहरात राहीन, असं मी ठरवलं होतं. पुण्याला गेले. मग लग्न होऊन वोल्फ्सबुर्गला आले. तिथे तीन वर्षांत शेजाऱ्याचं तोंड नीट पाहिलं नाही, तेव्हा कळलं की ओळखत नाहीत म्हणजे काय. आणि मग फिरून फिरून पुन्हा कराडातच. फक्त इथे थंडी आहे आणि लोक श्वाबिश, म्हणजे इथली जर्मन बोली, बोलतात.

खालच्या आजींचं आणि माझं सुरुवातीला अजिबात जमत नव्हतं. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, ताठ, पांढऱ्या केसांच्या. एका रविवारी मी मिक्सरवर चटणी वाटत होते तर दारात येऊन उभ्या. “झोनटाग,” म्हणाल्या. म्हणजे रविवार, आवाज बंद. बस्स, पुढे काही नाही. गेल्या. मी इतकी चिडले की त्यानंतर जिन्यात दिसल्या तरी मान खाली घालून वर निघून जायची. मग तू आलीस, तीन महिने, तुझा पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास. दुसऱ्याच दिवशी तू मला जिन्यात धरलंस. “अगं, माणूस समोर आलं तर थांबावं. दोन शब्द बोलावेत. का जीभ झिजते तुझी?” मी म्हटलं, त्या भांडकुदळ आहेत. तू म्हणालीस, “एकटी बाई आहे. तू चार महिने गप्प राहून बघ, तूही भांडशील.”

त्या संध्याकाळी तू नारळाच्या वड्या केल्यास आणि बशी घेऊन खाली गेलीस. दहा मिनिटांनी परत आलीस, रिकाम्या हाताने. दोन दिवसांनी आजी बशी घेऊन वर आल्या, त्यात प्लमच्या केकचे दोन तुकडे. त्या गेल्यावर तू मला म्हणालीस, “बघ, भांडं रिकामं परत करत नाही. चांगल्या घरची आहे.” तुझ्या लेखी विषय संपला. त्यानंतर तुम्हा दोघींचं जे काही सुरू झालं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी कामावरून येते तर अंगणातल्या बाकावर तुम्ही दोघी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेल्या. तू मराठीत, “अहो, ह्याला जरा कूट घाला की दाण्याचं,” आणि त्या श्वाबिशमध्ये काहीतरी, आणि मग दोघींनी मान हलवायची. त्या श्वाबिशमधलं अर्धं तर मलाही कळत नव्हतं. मी विचारलं, “काय बोलता गं तुम्ही?” तर म्हणालीस, “तिचा नवरा फार कडक होता.” तुला कसं कळलं, ते देव जाणे.

इथे जिना झाडायची पाळी असते, केअरवोख म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी अडकवतात. आमच्या दाराला ती लागली की मला परीक्षा असल्यासारखं व्हायचं. तुला मात्र केवढा आनंद! “वा, म्हणजे गावच आहे हे,” म्हणालीस, आणि झाडून, पुसून झाल्यावर खालच्या दारापाशी छोटीशी रांगोळी काढलीस. मी म्हटलं, पुसून टाक, या लोकांना ती घाण वाटेल. पुढच्या आठवड्यात आजींची पाळी. मी वरून डोकावून बघते आहे, तर त्या रांगोळीच्या भोवतीने झाडू मारत आहेत. कडेकडेने, जपून. ती रांगोळी पाऊस दारात शिरेपर्यंत तशीच राहिली होती.

तू परत गेलीस, आणि पुढच्याच वर्षी दादाचा फोन आला. मी एकटीच धावत आले, तेरावं करून परतले. घराच्या दारात बॅग ओढत पोचते तर आजी जिना झाडत होत्या. तू आजारी आहेस म्हणून मी गेले, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, “कशी आहे आई?” आई, ‘गेली’ला जर्मनमध्ये काय म्हणतात, तो शब्द मला येत होता. ऑफिसला, पोरीच्या बालवाडीला, विमानतळावरच्या माणसालाही मी तो सांगून आले होते. पण त्या जिन्यात पुन्हा एकदा तोंड उघडून ते सांगायचं त्राणच माझ्यात नव्हतं. मी म्हटलं, “बरी आहे.” त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि देवाचे आभार मानले. डोळ्यांत पाणी. मग ते परत कसं घेऊ? उद्या सांगू म्हटलं. उद्याचा आठवडा झाला, आणि नंतर सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट दिसायला लागलं.

तेव्हापासून तू इथे जिवंत आहेस. तुझे गुडघे कसे आहेत, त्या विचारतात. मी तुझं ऑपरेशन करून टाकलं. जिवंतपणी किती मागे लागले होते, ऐकलं नाहीस. आता एका वाक्यात झालं. तू रोज सकाळी नदीवर फिरायला जातेस. दिवाळीला चकल्या केल्यास, थोड्या बिघडल्या. बेकरीवालीलाही तू ठाऊक आहेस, औषधाच्या दुकानातल्या बाईलाही. या गावाला माझं ब्लडप्रेशर माहीत आहे, नवरा कुठल्या गाडीने येतो ते माहीत आहे. एवढी एकच गोष्ट मी त्यांच्यापासून लपवू शकले. दर हिवाळ्यात आजी तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणून देतात, गावी जाल तेव्हा न्या म्हणतात. ते मी घालते. उबदार असतात.

तुझी नात सगळं जाणून आहे. लहान होती तेव्हाही तिने कधी तोंडातून काढलं नाही, हा तुझाच गुण. पण परवा माझ्याकडे बघत म्हणाली, “ममा, दास इस्ट उनफेअर.” मी म्हटलं, मराठीत सांग. तर मराठीत म्हणाली, “हा अन्याय आहे. आजीवर पण आणि उंटन-ओमावर पण.” खालच्या आजींना ती उंटन-ओमा म्हणते. “जायच्या आधी सांग तिला.” आणि कानात इअरफोन घालून निघून गेली.

ती म्हणते ते खरंच आहे. आजी आता नव्वदीच्या आसपास आहेत. आणि लोकांच्या चौकशा नकोशा वाटतात असं म्हणायला मला आता तोंड नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा म्युनिकला, पोरगी शाळेच्या सहलीला, आणि मी तापाने फणफणलेली. सकाळी नऊ वाजले तरी माझ्या खिडकीचं शटर वर गेलं नाही, म्हणून याच बाईने मी दार उघडेपर्यंत बेल सोडली नाही. मग सूप आणलं आणि दिवसभर माझ्या खुर्चीत विणत बसल्या. म्युनिकला सहाव्या मजल्यावर घर मिळालंय, तिथे आमची खिडकी आठवडाभर बंद राहिली तरी कुणाला काय? हे मी नवऱ्याला सांगू शकत नाही. तो म्हणेल, मी असेन ना रोज घरी. आणि ते बरोबर आहे.

म्हणून आज दुपारी वड्या केल्या आणि बशी घेऊन खाली गेले. दोन्ही गोष्टी सांगायच्या, आधी म्युनिकची, मग तुझी. दुसरं वाक्य जिन्यात तीनदा म्हणून पाहिलं होतं. आजी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. मी म्युनिकचं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “तुमचा नवरा दमलाय. गुरुवारी जिना चढताना मधे थांबतो, मला ऐकू येतं.” मी म्हटलं, हो. “म्युनिक फार मोठं आहे,” म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, हो. आता सांगायचं, असं मनात म्हणते आहे, तोच त्यांनी मान वर करून विचारलं, “आणि आई? आई काय म्हणते तुमची?”

आई, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. तुझं गेलेलं असणं मी आजही सांगितलं नाही. पण त्या क्षणी मी काही झाकायला बोलले नाही. इतके महिने सगळे मला कारणं देत होते, हिशोब मांडत होते, ‘तुझं तू ठरव’ म्हणत होते, आणि मला दुसरंच काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, “ती म्हणते, जा.” ते बोलल्यावर मला रडू आलं, कारण तेवढंच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं.