पुढच्या बाकावरची जागा

२ मार्च १९५३, सोमवार
निश्चय. ईस्टरच्या आत ह्यांची गिटार देवाच्या कामी लावायची. वीस वर्षं हे दर शनिवारी मिसिसिपी नदीच्या बांधापलीकडच्या दारूच्या अड्ड्यावर ब्लूज गातात. ह्यांना सारा परगणा ओळखतो, आणि मला चर्चच्या पुढच्या बाकावर, पांढऱ्या पोशाखातल्या ज्येष्ठ भगिनींत, जागा नाही. पास्टर पिकेन्स म्हणाले, सिस्टर ओझेला, त्याला एकदा इथे गाऊ द्या, जागा तुमचीच.

५ मार्च
ह्यांना विचारलं. म्हणाले, अगं, माझा आवाज देवाला बांधापलीकडूनही ऐकू येतो. नाही म्हणाले नाहीत. म्हणजे होच.

९ मार्च
हायस्कूल शिकल्याचं सार्थक. ह्यांचंच गाणं घ्यायचं, 'दार उघड ग मेबेल'च्या जागी 'दार उघड रे प्रभू' घालायचं. चाल तीच. नव्या चालीपायी तारा कशाला झिजवा? मेबेल कोण, तेही आज विचारलं. म्हणाले, लहानपणीचं खेचर. मी उगाच संशय घेत होते.

१६ मार्च
पिठाच्या पोत्यांचा पांढरा पोशाख शिवला. पाठीवर आलेली, पोत्यावरची 'आपोआप फुगणारे' ही छापील अक्षरं तीनदा उकळूनही जाईनात. असू देत. पुढच्या बाकावर बसल्यावर पाठ कोण बघतंय?

२८ मार्च, शनिवार
अड्ड्यावर गेले नाही. नेहमीसारखी बाहेर खिडकीखाली उभी राहिले, ह्यांचा घसा बरा आहे ना ते बघायला. पाय हलत होता तो डासांमुळे.

५ एप्रिल, ईस्टर, सकाळ
पुढचा बाक, गाण्याआधीच! सिस्टर व्हर्लीन नाक मुरडत सरकल्या.

दुपार
हे छान गायले. 'दार उघड रे प्रभू.' पण आमच्यात एकाने ओळ गायली की सगळ्यांनी जबाब द्यायचा असतो, आणि नवा जबाब लिहायचा मी विसरले होते. सगळ्या चर्चने एका सुरात जुनाच दिला, 'मागल्या दारानं ये रे, नवरा आलाय घरी!' चर्चचे कारभारी डीकन, ऑर्गनवाल्या बाई, सिस्टर व्हर्लीनसुद्धा. पास्टर कडाडले. सगळे चिडीचूप. एकच आवाज दुसऱ्या कडव्यापर्यंत गेला, टाळ्यांसकट.
माझा. मी उभी होते, सगळ्यांकडे पाठ करून. मागून कुणीतरी अक्षरं मोठ्याने वाचली.

६ एप्रिल
जागा गेली. आता शेवटचा बाक, दाराशी. खेचराला नवरा कुठून आला, हे ह्यांना विचारायचं राहिलंय.
हे म्हणाले, आवाज खणखणीत आहे तुझा. शनिवारी जबाब द्यायला आत ये, पुढचाच बाक देतो.
स्पष्ट सांगितलं, नाही. पोशाख धुवून वाळत घातलाय. शनिवारपर्यंत वाळेल.