बेसिनवरची बरणी

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून घरात विकतची टूथपेस्ट बंद. फ्लोराइड नको, फेस नको. खोबरेल तेल, खायचा सोडा, लवंगेची पूड. सगळं नैसर्गिक, स्वहस्ते घोटलेलं. बरणी बेसिनवर ठेवली, चमच्यासकट. जूनमध्ये सगळ्यांची डेंटिस्टकडे तपासणी आहे. तेव्हा घरचे मला मानतील. निदान एकदा तरी मानावं, एवढीच इच्छा.

७ जानेवारी
बायको म्हणाली, चव ओल्या भिंतीसारखी आहे. तिने भिंत कधी चाखली, ते विचारलं नाही. मुलगी विचारते, फेस कुठाय? सासूबाईंनी नुसता वास घेतला. त्यांना कवळी आहे, पण अख्खं कुटुंब म्हणजे कवळीसकट.

१९ जानेवारी
थंडीने पेस्ट गोठली. खणताना चमचा वाकला. शुद्धतेचा याहून मोठा पुरावा नाही.

२ मार्च
तिसरी बरणी संपली!! घरच्यांना चटकच लागलीय. बायको तर दुपारीसुद्धा बरणी उचलून नेते. मी शीळ घालत चौथी घोटली. घरातले नळ हल्ली आरशासारखे दिसतात. मन प्रसन्न असलं की सगळंच चकचकीत दिसतं.

११ एप्रिल
गरम चहाने डाव्या दाढेत कळ. चहा वाईटच. सोडला.

२० मे
गार पाण्यानेही कळ. विष बाहेर पडत असावं. कोमट पितो. डेंटिस्टने कौतुक केल्यावर काय बोलायचं, ते आरशासमोर म्हणून पाहिलं. नम्र राहायचं ठरलं.

२८ जून, शनिवार
बायकोचे दात उत्तम. मुलीचे उत्तम. सासूबाईंची कवळी तर डेंटिस्टने असिस्टंटला बोलावून दाखवली. मी भाषण सुरू केलं, तेवढ्यात ते म्हणाले, आता तुम्ही आ करा. दोन दाढा किडलेल्या, एकीचं रूट कॅनाल. घरात एकट्याचंच असं कसं, त्यांनी विचारलं. मुलीने सांगून टाकलं. विकतची ट्यूब आजीच्या शिवणाच्या डब्यात असते. बाबांच्या पेस्टने आजी कवळी घासते आणि आई नळ. बाबांना वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही.
घरी येईपर्यंत मीही बोललो नाही. तोंड बधिर होतं.

२९ जून. सकाळी ६.१५
ब्रश घेऊन सासूबाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चष्मा न लावताच डबा उघडला, वाटाण्याएवढी पेस्ट ब्रशवर लावली आणि सवयीने हळूच म्हणाल्या, बाबांना कळू देऊ नकोस.
नाही कळू देणार, म्हटलं.