मिस्त्रीची पिशवी आपल्या ताब्यात

१९ ऑगस्ट, मंगळवार
सुरुवातीलाच सॉरी. माझं लिहिणं चुकतं आणि मोबाईलवर टाईप करायला लय वेळ लागतो. ऱ्हस्व-दीर्घ मोबाईल दाखवंल तसं. हे कोणी वाचणार नाय, तरी सॉरी. नववीत शाळा सोडली त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय.
कारण पप्पांनी जबाबदारी दिली. ते पिकअपमधी कांदा घेऊन रोज लासलगावला जातात, त्यांना टाईम नाय. म्हणे, कुंदन, बाथरूमचं तू बघ, मिस्त्रीला धरून ठेव.
तेजलताई दसरा झाला की पहिल्या बाळंतपणाला येणार. नाशिकला, इंदिरानगरात दिलीय तिला. तिची सासू म्हणे, घरात कमोड झाला तर पाठवू, पोटुशी बाईनं काय उसाच्या कडंनं मागच्या संडासात जायचं का? बरोबर हाय.
ताई आली की मी बोलतो. बाकी वर्षभर मान हलवतो.
नवनाथ मिस्त्रींनी आज भिंती उचलल्या. आठ दिवसात काम खलास. मी सुपरवायझर.

२१ ऑगस्ट
मिस्त्री चहा पिऊन गेले. म्हणे, उद्या पोळा, परवा येतो. हत्यारांची पिशवी इथंच ठेवली. थापी, प्लास्टरचा रंधा, ओळंबा.
आई म्हणे, गेला हा. मला हसू आलं. थापी म्हणजे मिस्त्रीचा हात. हात आपल्या घरात ठेवून माणूस किती लांब जाणार?

२६ ऑगस्ट
आले नाय. आज फोन करायचाच ठरवलं. नंबर काढला, रिंग जायच्या आत कट केला. त्यापेक्षा मेसेज बरा. एकदम कडक लिहिला. चाळीस मिनिटं लागली. मग वाटलं फारच कडक झाला, मिस्त्रींना वाईट वाटंल. खोडला. नुसते जोडलेले हात पाठवले.
त्यांनी अंगठा पाठवला. म्हणजे समजलं त्यांना.

२ सप्टेंबर
गणपती बसलेत. गणपतीत कोण काम करतं.
कमोडची सीट पडवीत उघडी पडलीय. कोंबडीनं तिच्यात अंडं घातलं. आई म्हणे, चला, कोणाला तरी उपयोग झाला.

९ सप्टेंबर
मिस्त्री सापडले! स्टँडवर चहाच्या टपरीवर. मी सरळ त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. घाबरलो नाय. चांगली दहा मिनिटं उभा होतो. ते वळले, म्हणे, काय रे भाच्या, काय काम काढलं?
मी म्हटलं, पाऊस लय हाय ना यंदा.
ते म्हणे, हो ना. मग स्वतःच म्हणे, आता पितर लागले, पितरात चौकट बसवत नसतात, तुमच्याच घराला दोष लागंल. एवढा विचार कोण करतं दुसऱ्याच्या घराचा? मला चहा पाजला.

१४ सप्टेंबर, रविवार
ताईच्या घरून राकेश दाजींचा फोन. पप्पा नव्हते म्हणून मला घ्यावा लागला. विचारलं, झालं का बाथरूम? मी म्हटलं, हो, म्हणजे झाल्यासारखंच हाय. मग विचारलं, मिस्त्री कसाय? मी म्हटलं, एक नंबर. ते म्हणे, नंबर दे मग, आमच्याकडं वर एक बाथरूम काढायचंय.
दिला. एका दगडात दोन कामं. आता मिस्त्री आपल्या पाहुण्यांच्या नात्यात आले. लाजंकाजं तरी आपलं आधी करणार.

२२ सप्टेंबर
घट बसले. पितर संपले तरी मिस्त्री नाय. पण आता माझ्याकडं प्लॅन हाय. आधी सुचायला पाहिजे होता.
एक तारखेला खंडेनवमी. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पुजतात. मिस्त्री पिशवी न्यायला येणार म्हणजे येणारच, थापी पुजल्याशिवाय मिस्त्रीचं वर्ष जात नाय. आणि पिशवी कपाटात. किल्ली माझ्या खिशात. मी म्हणणार: आधी सीट बसवा, मग हत्यारं न्या. बस. सहाच शब्द. मोजले.

२५ सप्टेंबर
शेळीसमोर प्रॅक्टिस केली. तिसऱ्यांदा तर आवाज पण निघाला.
हत्यारं काढून बघितली. लय खराब. सिमेंट घासून काढलं, थापी चमकायला लागली. मूठ ढिली होती, ताईची जुनी पिवळी ओढणी फाडून पट्टी गुंडाळली. ओलीस ठेवलेल्या मालाची काळजी घ्यावी लागते.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी नऊला मिस्त्री आले. बघा! मी म्हटलं नव्हतं का?
पण आईनं किल्ली मागून घेतली होती. तिनं आमचे कोयते, विळे, पप्पांच्या गाडीचे पाने असं सगळं पाटावर मांडलेलं आणि मधोमध मिस्त्रींची थापी, हळद-कुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून. म्हणे, घरात हत्यार हाय आणि पूजा नाय, असं चालतं का?
मिस्त्री बघतच राहिले. थापी हातात घेऊन फिरवली. डोळे ओले झाले त्यांचे, खोटं नाय सांगत. म्हणे, सविताताई, माझ्या पोरानं कधी माझ्या थापीला पाणी लावलं नाय, आणि तुमच्या पोरानं ओढणी बांधली.
मग माझ्याकडं बघितलं. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. आधी, म्हटलं.
ते म्हणे, काय आधी?
मी म्हटलं, आधी प्रसाद घ्या.
खोबरं दिलं. पिशवी मीच गाडीला बांधली. गाठ पक्की मारली, नायतर रस्त्यात पडायची. ते म्हणे, नाशिकला एक छोटं काम घेतलंय, चार दिवसांचं, ते उरकलं की पयलं तुमचं. गाडीवरून हात केला.
आईनं कपाटाची किल्ली माझ्या हातात परत ठेवली. पण माणूस जिंकणं महत्त्वाचं. हत्यारं काय, कोणी पण अडवंल.

५ ऑक्टोबर
आज चार दिवस पूर्ण. उद्या येतील. ताईची खोली झाडली. चटणीचे डबे हलवले.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ताईचा फोन आला. त्यांचं वरचं बाथरूम झालं. चार दिवसात. टाईल्स, कमोड, गरम पाण्याचा नळ सगळं. सासू म्हणे, आता इथंच एवढं झालंय, दवाखाना पण जवळ, कशाला जाते तिकडं. बाळंतपण तिकडंच करणार.
मी मान हलवली. फोनवर दिसत नाय ते.
मग ताईनं नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणे, कुंदन, त्या मिस्त्रीच्या थापीला माझी पिवळी ओढणी कशी रे?
मी म्हटलं, तिकडं पाऊस थांबला का?
सीटमधी अंडं आजपण एक मिळालं.
पप्पा आत्ताच आले. म्हणे, मागं संडासाकडच्या उसात बिबट्या दिसलाय. वनखात्याचा पिंजरा उद्या येतो म्हणे.