चौदा मिनिटांची संमती

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करते ही तुझी तक्रार रास्त आहे, म्हणून लिहिते. नोकरी बरी चालली आहे. तीन वर्षं यंत्रांचे काटे तपासून मग मी माणसांकडे वळले, हे कळल्यावर साहेबांनी दोन कामं माझ्या गळ्यात मारली. एक, नव्या कार्यकर्त्यांसाठी समाजकार्यातल्या संज्ञांची यादी. दुसरं, घरभेटीचा तक्ता. दोन्ही झाली. 'संमती' मी सात शब्दांत बसवली: पूर्ण माहिती मिळाल्यावर, कोणत्याही दबावाशिवाय दिलेला होकार. मग स्वतःवरच खूश होऊन ती दोनदा वाचली. तू तीस वर्षं हेच काम केलंस, तुला कधी इतकी नेमकी सुचली होती का?

तक्त्याचा पहिला प्रयोग एका आजोबांवर झाला. नाव लिहीत नाही. गोपनीयता माझ्या यादीत चौथी आहे. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. एकटे राहतात, खुब्याचं हाड मोडून नुकतंच जुळलंय, खोली तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. यावर हसायचं नाही असं मी स्वतःला बजावलं. पुतणी परगावी असते, तिला ते वृद्धाश्रमात हवेत. धोक्याचे गुण चाळीसपैकी एकतीस आले. आजोबांनी हूं की चूं न करता वृद्धाश्रमाच्या संमतीपत्रावर सही केली. सगळं मिळून चौदा मिनिटं. वीस तारखेला संस्थेच्या बैठकीत मंजुरी मिळाली की खोली सोडायची, आणि सोडलेली खोली परत मिळत नाही.

गुडघे सांभाळ. लोभ आहेच, व्याख्या वाचून वाढला तर कळव.
तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

व्याख्या छान आहे. मला सुचली नव्हती. मी एका आजींना चाकांची खुर्ची मिळवून दिली होती, सत्कारसुद्धा करून घेतला. महिन्याने गेले तर खुर्चीवर ओले टॉवेल वाळत होते आणि आजी भिंत धरून चालत होत्या. खुर्ची हवी का, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. तेव्हा तुला हसायचा मला हक्क नाही, तरी हसले.

तुझ्या पत्रात हाड आहे, मजला आहे, गुण आहेत. आजोबांचं एक वाक्य नाही. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस स्वतःच्या जिन्याबद्दल काहीच बोलला नाही, हे मला पटत नाही. पुन्हा जा. तक्ता कार्यालयात ठेवून जा. हात मोकळे राहिले की तुला कसंसंच होईल, पण त्याने कोणी मरत नाही.

गुडघे कुरकुरतात, मीही कुरकुरते. राग मानू नकोस.
तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गेले. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून स्टुलावर बसून मांडीखाली घेतले. आजोबांनी विचारलं, आज कागद नाही का. नाही म्हटल्यावर ते जरा सैल झाले. मग मी विचारलं, सही का केलीत. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देते: "ताई, तुम्ही तीन जिने चढून आलात, धाप लागली होती तुम्हाला. रिकाम्या हाती कसं पाठवायचं?"

आत्या, त्यांनी माझा पाहुणचार केला. वृद्धाश्रमात जायचंय का म्हटल्यावर ते सरळ नाही म्हणाले. जिन्याला उतरताना डावीकडे कठडा नाही, तिथेच ते पडले होते. तो किती लांब लागेल हे त्यांनी काठीने मोजून ठेवलंय. माझ्या तक्त्यात कठड्याला रकानाच नाही.

आता बैठकीत उभं राहून सांगायचं की सही खरी आहे, संमती खोटी आहे. साहेब तो तक्ता सगळ्या शाखांना नमुना म्हणून पाठवणार आहेत. आपल्या पायावर धोंडा पाडायचाच तर निदान नेम तरी चुकणार नाही, एवढंच समाधान. खरी भीती वेगळी आहे. मी कागद मागे घेतला आणि ते पुन्हा पडले तर?

तुझ्या उत्तराची वाट पाहते, लोभाची खात्री आहे.
तुझी भाची


१७ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

पडू शकतात. हे त्यांच्याशीच बोल, त्यांच्या पाठीमागे नको. आणि स्वनिर्णयाचा हक्क म्हणजे माणसाला जिन्यात एकटं सोडून हात झटकणं नव्हे. कठडा, शेजारी, सकाळची मदत, सगळं ठरवूनच बैठकीला जा.
तुझी आत्या


२८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बैठकीत सांगितलं. वाक्यं पूर्ण झाली. साहेबांनी विचारलं, चूक तक्त्याची की तुमची. मी म्हटलं, तक्ताही माझाच आहे. कोणी हसलं नाही. आजोबांना घरीच राहायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. नमुना शाखांना गेला नाही.

डावीकडे कठडा बसला. सकाळी एक बाई येतात, किल्ली खालच्या शिंप्याकडे असते. पडण्याबद्दल आजोबा म्हणाले, पडलो तर माझ्या घरात पडेन. हे मी पुतणीला सांगितल्यावर ती आधी चिडली, मग रडली. तिची काळजी खोटी नव्हती, हेही मी आधी कुठे लिहिलं नव्हतं.

काल मी ठरल्या वेळी भेटीला गेले. आजोबांनी दार अर्धंच उघडलं. आत त्यांचे दोन जुने सोबती पत्ते खेळत होते. आज जमणार नाही, म्हणाले, उद्या या. आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी जिन्यात दोन मिनिटं चांगलीच संतापलेली होते. मग खाली उतरून नोंदवहीत लिहिलं: सेवार्थीने भेट नाकारली. प्रगती उत्तम.

लोभ करतेसच, सवड झाली की रागावत जा.
तुझी भाची